तारपा कधी काढायचा

नगर हवेलीचा इतिहास मराठी वाचकाला माहीत असतो तो एका तारखेपुरता, २ ऑगस्ट १९५४. सुधीर फडके, राजा वाकणकर, बाबासाहेब पुरंदरे ही नावं आठवतात. लता मंगेशकरांनी पोर्तुगिजांविरुद्धच्या या लढ्याच्या निधीसाठी पुण्यात केलेला कार्यक्रम आठवतो. भर पावसात निघालेले ते तरुण आणि सिल्वासात फडकलेला तिरंगा आठवतो. खानवेलकडच्या मराठी शाळेत मी हा धडा वर्षानुवर्षं शिकवला आणि दर वेळी ऊर भरून आला. पण त्या वर्षीचं पंचांग काढून पाहा. आषाढी अमावस्या २९ जुलैला पडते. म्हणजे नारोली गाव सुटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि सिल्वासा सुटायच्या चार दिवस आधी, इथल्या धोडिया-वारल्यांचा दिवासो सण होता. ज्यांची भूमी सुटत होती ती माणसं त्या आठवड्यात गुडघाभर चिखलात उभी राहून भाताची लावणी उरकत असणार. त्यांच्या त्या आठवड्याबद्दल धड्यात एक ओळही नाही.

मला लिहायचंय ते त्यांच्या वर्षाबद्दल. मी राहते ती राखोली म्हणजे दमणगंगेच्या काठचं, खानवेल रस्त्यावरचं गाव. २०११ च्या जनगणनेनं त्याला नगरांत बसवलं. आज रस्त्याच्या दोन्ही अंगांना सुताचे, कापडाचे, प्लॅस्टिकचे कारखाने आहेत आणि त्यांच्या मागे चाळी. पण चाळींच्याही मागे पाडे आहेत. निवृत्तीनंतर मी इथंच राहिले ती या पाड्यांमुळे. इथल्या जुन्या माणसांच्या पायाशी बसून मी एक गोष्ट शिकले: इथं प्रत्येक सुखाला वेळ नेमून दिलेली होती. झाडाला फळ आलं म्हणून तोडलं, मनात आलं म्हणून नाचलं, असं नव्हतं. आधी देवाला, मग घरच्या थोरांना, मग सगळ्यांना. तोवर थांबायचं.

पावसाळ्याच्या तोंडाशी उगवणारी कोवळी भाजीच घ्या. रोहिणीचा पाऊस शिंपडून गेला की डोंगरउतारावर हिरव्या पात्यांचे झुबके वर येतात. चार महिने सुक्या मासळीवर आणि डाळीवर काढलेल्या जिभेला ती पाहूनच पाणी सुटतं. तरी पाड्याची पूजा होईपर्यंत वारल्याच्या घरात ती शिजत नाही. या थांबण्यात शहाणपण आहे, असं मला मनापासून वाटतं. पहिल्याच दिवशी सगळ्यांनी उपटली, तर कंद पोसणार कधी? आणि एकाच दिवशी साऱ्या पाड्याच्या चुलींवर तोच वास दरवळतो, त्याची सर एकट्यानं गुपचूप खाण्याला कशी येईल?

शेवळंही त्याच दिवसांतली. आमच्या शेजारच्या वारली आजी ती कशी करतात ते मी अनेकदा जवळ बसून पाहिलंय. जमिनीतून भाल्यासारखा वर आलेला तपकिरी-जांभळा कोंब. वरची साल सोलून टाकायची. आतल्या दांड्यावरचा पिवळा दाणेदार भाग न चुकता काढायचा, नाहीतर घसा खाजून जीव नकोसा होतो. मग बारीक चिरून काकडाच्या फळांच्या रसात शिजवायचं. काकड नसेल तर चिंच, पण आजींना ते चालत नाही. काकडाचं झाड आणि शेवळं एकाच वेळी कामाला येतात, तेव्हा जोडी मोडायची नाही, असा त्यांचा हट्ट. वर मूठभर सोडे पडले तर सण. हीच भाजी मुंबई-ठाण्याच्या कायस्थ प्रभूंच्या घरीही कौतुकानं होते, पण तिथं ती बाजारातून येते, इथं पायाखालून.

मग वलगण. पहिला जोराचा पाऊस झाला की नदी-ओहोळातले मासे अंडी घालायला उलट्या प्रवाहानं शेतांत चढतात. रात्री दिवट्या घेऊन, टोपल्या-कोयते घेऊन सगळा पाडा बांधांवर. लहान पोरं मुठे पकडण्यात दंग. या मजेबद्दल माझं मन मात्र दुभंगलेलं आहे. अंड्यांनी भरलेली मासळी मारली की पुढच्या वर्षीचं पोट मारलं जातं. जुनी माणसं सांगतात, की पूर्वी पोटापुरती घेऊन बाकीची जाऊ देत. आता बारीक जाळी आली आणि काहीच सुटत नाही.

या सगळ्यावर राज्य कोणाचं होतं? पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यात १७७९ साली तह झाला. त्यात वर्षाला १२,००० रुपयांचा महसूल पोर्तुगिजांना लावून दिला गेला आणि १७८३ साली नगर हवेलीची ७२ गावं त्यांच्या हाती गेली. मराठ्यांनी दिला तो महसूल, सार्वभौमत्व नव्हे, असा या तहाचा अर्थ हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं १९६० साली लावला. पावणेदोनशे वर्षं उलटल्यावर! तोवर सरहद्द जंगलातून गेलेली होती. अलीकडे पोर्तुगीज, पलीकडे इंग्रज, आणि दोन्हीकडे तेच वारली, कोकणा, धोडिया, तेच देव, तीच झाडं.

सरहद्दीच्या पलीकडे काय चाललं होतं ते मोहावरून कळतं. होळीच्या सुमारास मोह गळायला लागतो. पहाटे झाडाखाली मऊ, पिवळसर, गोड वासाच्या फुलांचा सडा पडतो आणि उन्हं वर यायच्या आत बायका टोपल्या भरतात. सुकवलेली फुलं भाकरीत घालतात, भाजून खातात, दारू गाळतात. पुढे त्याच झाडाच्या बियांचं तेल निघतं. मुंबई सरकारनं १८९२ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास कायदा करून ही फुलं गोळा करण्यावर आणि बाळगण्यावर निर्बंध घातले. हेतू अबकारीचं उत्पन्न राखण्याचा. अंगणातल्या झाडाचं फूल वेचणं गुन्हा ठरवणारा कायदा! मला त्याची आजही चीड येते.

त्याहून मोठी लूट दिवसांची होती. वेठीचा अर्थच असा, की आधी सावकाराचं शेत लावायचं, मग आपलं. पावसाचे नेमके दिवस मालकाच्या चिखलात जायचे आणि स्वतःची रोपं दाढीत पिवळी पडायची. १९४५ साली डहाणू-उंबरगावकडच्या वारल्यांनी वेठ नाकारली, त्याची हकिकत गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात आहे. ते गाव-पाडे इथून फार दूर नाहीत. मी ते पुस्तक वाचते तेव्हा मला त्यात मजुरीइतकीच ऋतूची मागणी दिसते. आपला आषाढ आपल्याला द्या, ही.

आता तारप्याकडे येते. सुकवलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला लांब कर्णा, आणि सांधे बुजवायला मधमाश्यांचं मेण. जंगलाबाहेरची एकही वस्तू त्यात नाही. पावसाळाभर तो आढ्याला टांगलेला असतो. भाताला कणसं धरली, ती पिवळी पडू लागली, की खाली उतरतो. कणसरी ही धान्याची देवी. ती शेतात उभी राहिल्याशिवाय नाच कसला? वाजवणारा मधोमध, बाकीचे एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती. तारप्याकडे कोणी पाठ करत नाही. सूर बदलला की पावलं बदलतात, आणि पुढचा गडी काठीच्या ठेक्यावर रांग कधी गुंडाळतो, कधी उलगडतो. कोकणांकडे याच जातीची पावरी असते. वारली चित्रांत तुम्ही जो वळणदार नाच पाहता तो हाच. पण जुन्या काळी ती चित्रं लग्नघरच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं सुवासिनीच काढत, आणि चौकात मध्यभागी पालघट देवी असे.

वाघबारशीला गुराखी पोरं घरोघर तांदूळ मागून वाघदेवाजवळ रांधतात. मग दिवाळी. तिच्यात करंज्या-चकल्या नाहीत. उकडलेले करांदे, चवळीच्या शेंगा, आणि नव्या तांदळाच्या पिठात काकडी घालून पानांत वाफवलेली भाकर. थंडीत वाल-पापडी. वलसाडच्या बाजूला हायवेला मडकी पालथी घालून भाजलेलं उबाडियू मिळतं, तेही मला आवडतं. पण आमच्या आजी म्हणतात, रस्त्यावर विकायला लागलं की त्याची गंमत गेली. हे मला पटत नाही. पोट भरणारं कोणी विकत असेल तर विको.

मुक्तीनंतर १९६१ पर्यंत इथला कारभार वरिष्ठ पंचायतीनं पाहिला. ११ ऑगस्ट १९६१ ला प्रदेश भारतात कायदेशीर विलीन झाला. १९६५ साली पिपरियाला पहिली औद्योगिक वसाहत आली. १९७१ च्या जमीन सुधारणा कायद्यानं पोर्तुगीज काळच्या सनदा मोडल्या आणि कसणाऱ्यांना हक्क मिळण्याची वाट खुली झाली. यातला प्रत्येक टप्पा गरजेचा होता, असंच मी म्हणेन. मग वर मधुबनला धरण झालं. नाशिक जिल्ह्यात दिंडोरीच्या डोंगरात उगवून दमणला समुद्राला मिळणारी ही नदी राखोलीच्या पुलाखालून जाते. आता ती पुलाखाली किती भरणार हे दरवाजे किती उघडले त्यावर ठरतं. सायरन, काठच्यांना इशारा, मग पाणी. पूर्वी मृगाच्या पाण्याचा रंग पाहून जुनी माणसं पुढचं सांगत. ती विद्या आता धरणाखाली निरुपयोगी झाली आहे.

करसवलतींमुळे ऐंशीच्या दशकापासून कारखान्यांची रांग लागली आणि पाड्यांतली पोरं बारा-बारा तासांच्या पाळ्यांत शिरली. पगार येतो, छप्पर पक्कं होतं, मुलगी नर्सिंगला जाते. हे सगळं मी माझ्या विद्यार्थ्यांच्या घरी पाहिलंय आणि त्यावर नाक मुरडणाऱ्यांशी भांडलेही आहे. पण यंत्राला आषाढ नसतो. कणसं पिवळी पडतात तेव्हा तारपा वाजवणारा गडी रात्रपाळीला असतो. मग पाड्यानं तोड काढली: नाच सुट्टीच्या आदल्या रात्री. काही म्हाताऱ्यांना हे रुचलं नाही. मला ती तडजोड धाडसाची वाटते. देवाची वेळ त्यांनी मोडली नाही, फक्त चार दिवस पुढे ढकलली.

गेल्या काही वर्षांत आणखी एक गोष्ट दिसू लागली आहे. चाळींत ओडिशा, झारखंड, बिहारकडची माणसं राहतात. जूनमध्ये रस्त्याकडेला वारली बायका टाकळा, करटोली, बांबूचे कोंब घेऊन बसल्या की त्यांच्यापुढे गर्दी असते ती याच लोकांची. झारखंडच्या एका बाईनं मोहाची वाळवलेली फुलं पाहिली आणि तिथंच बसकण मारली. तिच्या माहेरी ती कशी शिजवतात ते ती हिंदीत सांगत होती, आमच्या आजी वारलीत सांगत होत्या, आणि मला मधे दुभाषी व्हावं लागलं नाही. कोंब निवडताना तिनं एक फारच कोवळा उचलला. आजींनी तो तिच्या हातातून काढून परत टोपलीत ठेवला आणि दुसरा दिला. पैसे दोन्हीचे सारखेच होते. का काढला ते आजींनी सांगितलं नाही, आणि त्या बाईनं विचारलंही नाही. तिनं पिशवी पुढे केली आणि पुढच्या आठवड्यात शेवळं मिळतील का ते विचारलं.