झोपवलेला विक्रम

२ सप्टेंबर २०२३ रोजी इस्रोने प्रज्ञान रोव्हरला निद्रावस्थेत नेले. ४ सप्टेंबरच्या सकाळी विक्रम लँडरची पाळी आली. उपकरणे बंद झाली, त्यांनी टिपलेली माहिती त्याआधीच पृथ्वीवर पोहोचली होती. प्रज्ञानची बॅटरी पूर्ण भरलेली होती आणि सौरपट्टी पुढच्या सूर्योदयाच्या दिशेने वळवलेली. दोघांचेही रिसीव्हर तेवढे चालू ठेवले होते.

ही रीत संगणकाच्या जगात जुनी आहे. यंत्र झोपते तेव्हा कर्नेलमधील प्रत्येक ड्रायव्हर आपल्या उपकरणाची स्थिती जपून ठेवतो, चालू काम थांबवतो, वीज तोडतो आणि जागे करणारी खूण ओळखण्यापुरता भाग जिवंत ठेवतो. १९९६ मधील एसीपीआय मानकाने हा कारभार यंत्रातल्या पक्क्या प्रणालीकडून काढून ऑपरेटिंग सिस्टिमकडे सोपवला. डिसेंबर २००९ मधील लिनक्स २.६.३२ ने, संगणक चालू असतानाच एखादेच उपकरण झोपवण्याची सामाईक चौकट ड्रायव्हरांना दिली. झोपवणे सहसा निभावते. घोटाळे होतात ते उठवताना. तरी टेबलावरच्या संगणकाच्या स्मृतीला झोपेतही थोडी वीज मिळत राहते. चंद्रावर ती कोठून मिळणार?

तेथील रात्र पृथ्वीच्या सुमारे चौदा दिवसांची, आणि दक्षिण ध्रुवाकडील थंडी उणे २०० अंशांच्या आसपास जाणारी. १९७० च्या नोव्हेंबरात चंद्रावर उतरलेली सोव्हिएत लुनोखोद-१ ही गाडी रात्री झाकण मिटून घेई आणि आत पोलोनियमची ऊब असे. म्हणून ती कित्येक रात्री तगली. विक्रमच्या पोटात अशी शेगडी नव्हती. त्याची आखणीच एका चांद्रदिवसापुरती होती, आणि त्या दिवसाचे काम त्याने चोख केले होते.

२२ सप्टेंबरला ऊन परतले, हाका दिल्या गेल्या. उत्तर आले नाही. ही आशा भाबडी होती असे म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल. जपानचे स्लिम यानही रात्रीसाठी घडवलेले नव्हते, तरी २०२४ च्या फेब्रुवारीत रात्र संपल्यावर त्याने प्रतिसाद दिला.

विक्रमवर नासाने दिलेला एक लहानसा परावर्तक आहे. त्याला वीज लागत नाही. १२ डिसेंबर २०२३ रोजी सुमारे १०० किलोमीटरवरून एलआरओ यानाने त्यावर लेझर सोडला आणि प्रकाश परत आला.