खिळे, कळफलक आणि उमेदवारी

यंत्र आलें कीं कामगाराचें काम गेलें, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. तींत सत्याचा अंश आहे. परंतु काम टिकलें तरीहि यंत्रामुळें आणखी एक गोष्ट बदलते आणि तिकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. ती गोष्ट म्हणजे काम शिकण्याची रीत. कोणी कोणास शिकवावें, किती काळ शिकवावें आणि त्याचा खर्च कोणी सोसावा, या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें हत्यार बदललें कीं बदलतात. छापखान्याच्या धंद्यांत हें फार स्पष्ट दिसतें. म्हणून आम्हीं त्याचाच दाखला घेतला आहे.

बेंजामिन फ्रँकलिन १७१८ सालीं, वयाच्या बाराव्या वर्षीं, बोस्टन येथें आपल्या वडील भावाच्या छापखान्यांत उमेदवार म्हणून बांधला गेला. करार एकविसाव्या वर्षापर्यंतचा होता. आपल्याकडे असे लेखी करार सहसा नसत, पण शिकण्याची तऱ्हा तीच होती. जावजी दादाजी हे लहानपणीं मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत खिळे घासण्याच्या कामास लागले. त्याच शिदोरीवर त्यांनीं पुढें स्वतःची ओतशाळा काढली आणि १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना उभा केला. राणूजी रावजी आरू यांच्यासारख्या कसबी माणसाच्या साहाय्यानें तेथें जीं वळणदार अक्षरें तयार झालीं, त्यांचें शिक्षण कोणत्याहि शाळेंत मिळत नव्हतें.

खिळे जुळविणाराची विद्या वरवर दिसते तितकी सोपी नव्हती. स्टिकमध्यें अक्षरें उलटीं बसत आणि तीं तशींच वाचावीं लागत. इंग्रजीचें काम थोड्या घरांत भागे. देवनागरीस मात्र काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरें धरून शेंकडों प्रकारचे खिळे लागत. कोणता खिळा कोणत्या घरांत, हें हातास पाठ व्हावें म्हणून नव्या मुलास प्रथम छापून झालेले खिळे आपापल्या घरांत परत सोडावयास देत. मग साधा मजकूर, मग कविता आणि कोष्टकें. या ओघांत ऱ्हस्वदीर्घ, विरामचिन्हें आणि लेखकाचें गचाळ अक्षर लावण्याची हातोटी आपोआप अंगीं येई. या पद्धतीचे दोष आम्ही झांकूं इच्छीत नाहीं. झाडलोट आणि निरोप यांतच मुलाचीं पहिलीं वर्षें जात आणि उस्तादाची मर्जी हाच अभ्यासक्रम असे. तथापि शिकविण्याची जबाबदारी धंद्याची आहे, याबद्दल कोणास शंका नव्हती.

१८८६ सालीं न्यूयॉर्क ट्रिब्यून पत्रानें लायनोटाइप यंत्र चालू केलें. कळ दाबावी आणि शिशाची अखंड ओळ ओतून बाहेर यावी, असा हा चमत्कार होता. अमेरिकेंतील जुळाऱ्यांच्या संघानें यंत्रास विरोध न करितां एवढाच आग्रह धरिला कीं, त्यावर हातजुळारीच बसवावे. तो आग्रह बहुतांशीं सफळ झाला आणि जुनी विद्या नव्या यंत्रावर चढली. आपल्याकडे खिळ्यांच्या संख्येमुळेंच हें यंत्र उशिरा आलें. हरी गोविल यांनीं देवनागरी लायनोटाइपचा उद्योग केला तो १९३० नंतरच्या काळांत. आणि त्यानंतरहि हातजुळणी येथें कित्येक दशकें टिकली.

पुढें संगणक आला. १९७४ सालीं न्यूयॉर्क टाइम्सनें जुळाऱ्यांशीं करार केला: नव्या यंत्रांस मोकळीक, आणि कामावर असलेल्यांस आजन्म नोकरीची हमी. २ जुलै १९७८ च्या अंकासाठीं तेथें शेवटचें शिसें ओतलें गेलें व तेच लोक कागदी पानें चिकटविण्याचें नवें काम शिकले. उलट लंडनमध्यें १९८६ सालीं वॅपिंग येथें नवा छापखाना सुरू झाला, तेव्हां संपावर गेलेल्या हजारों कामगारांस बडतर्फ करण्यांत आलें. यंत्रविद्या एकाच जातीची. परिणाम मात्र दोन.

मराठीपुरतें पाहिलें तर १९८८ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेनें जिस्ट आणि इनस्क्रिप्ट कळफलक यांचा प्रसार केला. वर्णमालेच्या क्रमास अनुसरून रचलेल्या मोजक्या कळा दाबाव्या आणि जोडाक्षर यंत्रानें घडवावें, अशी ही सोय आहे. शेंकडों घरें पाठ करण्याचें ओझें उतरलें. जें शिकण्यास वर्षें लागत, तें आठवड्यांत येऊं लागलें. उस्तादानें पोरास शिकवावें हा क्रमहि उलटला; वडीलधारे लोक आतां मुलांकडून धडे घेतात.

या लाभास आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु हात लवकर तयार होतो म्हणून सर्व विद्या लवकर येते असें नव्हे. मजकूर वाचणारा डोळा उमेदवारीच्या लांब काळांत नकळत तयार होत असे. तो काळ गेला, पण त्या डोळ्याची गरज गेली नाहीं. शिवाय आज उमेदवार बहुधा स्वतःच्या पैशानें वर्गांत शिकून, किंवा घरीं पडद्यावरील धडे पाहून, तयार होऊनच दारांत येतो. धंद्यानें शिकविण्याचा खर्च असा हळूहळू शिकणाराच्या खिशावर टाकिला आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यानें मालकांवर कांहीं कर्तव्यें घातलीं आहेत हें खरें. पण कामावर असलेल्या प्रौढ माणसास नवें हत्यार कोणी शिकवावें, हा प्रश्न त्यानें सुटत नाहीं. त्याचें उत्तर यंत्र देत नाहीं. न्यूयॉर्क व लंडन येथील दोन उदाहरणांवरून तें माणसांच्या करारांतच शोधावें लागतें, असें आम्हांस वाटतें.