तळटीप २३ : ‘द बाबाडूक’

२३. जेनिफर केंट यांचा २०१४चा ऑस्ट्रेलियन भयपट. त्यांच्याच २००५मधल्या ‘मॉन्स्टर’ या लघुपटातून वाढलेला. बाळंतपणासाठी नायिका अमेलियाला रुग्णालयात नेताना गाडीला अपघात होऊन तिचा नवरा जातो आणि त्याच दिवशी सॅम्युएल जन्मतो. त्यामुळे पोराचा वाढदिवस शेवटापर्यंत त्या तारखेला साजराच होत नाही. नवऱ्याच्या वस्तू तळघरात कुलूपबंद. मुलाबद्दलचा राग तिला स्वतःशीही कबूल करता येत नाही. मूळ लेखात ‘राक्षसाचा नायनाट’ असे म्हटले आहे, ते बरोबर नाही. बाबाडूक हा राक्षस मरत नाही, तळघरातच राहतो. मायलेक बागेतली गांडुळे वाडग्यात गोळा करतात आणि ती खाली नेऊन अमेलिया त्याला खायला घालते. हा शेवट वगळून चित्रपटाचा अर्थ लावू नये.