मुगुदासाचं लेणं आणि आपली पाली

न्हाव्याच्या समोर घारापुरी. लोक लाँचनं जातात, त्रिमूर्ती बघतात, परत येतात. त्याच बेटावर पूर्वेच्या टेकडीला जुन्या बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत. तिकडं फारसं कुणी फिरकत नाही. आपल्या शिकण्याचंही असंच झालं. दाखवलं तेवढंच बघायचं. जुन्या भाषा तुमच्या नाहीत, हे आधी त्यांनी सांगितलं. मग आपणच ते म्हणू लागलो.

एल्फिन्स्टन हायस्कुलात बाबासाहेबांना संस्कृत घ्यायचं होतं. शिक्षकानं नकार दिला. महाराच्या पोराला देवभाषा कशी शिकवायची? नाइलाजानं फारशी घेतली. 1912 साली बी. ए. झाले, तेव्हाही विषय इंग्रजी आणि फारशी. पण माणूस गप्प बसला नाही. संस्कृत पुढं स्वतःच्या हिमतीवर शिकले. 1920 च्या दशकात जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात नाव घातलं. 1946 साली शूद्रांवरचं पुस्तक काढलं, तेव्हा प्रस्तावनेतच सांगून टाकलं की संस्कृत येत नाही म्हणून मला अधिकार नाही असं कुणी म्हणू नये. हे वाङ्मय इंग्रजीत आलंय आणि मी ते पंधरा वर्षं वाचलंय. वर त्यांनी पालीचं व्याकरण आणि शब्दकोश रचला. तो छापून आला 1998 साली, सरकारी ग्रंथमालेच्या सोळाव्या खंडात. किती जणांनी उघडला?

मूळ वाचायचं कशासाठी, तर हे बघा. आपला वक्ता सभेत गर्जतो, वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसं ओता असं मनुस्मृती सांगते. समोरचा शास्त्री हसतो, म्हणतो, दाखवा कुठं आहे. वक्ता गार. कारण ते वचन आहे गौतम धर्मसूत्रात. ऐकलं तर कानात शिसं आणि लाख, उच्चारलं तर जीभ छाटा, ध्यानात ठेवलं तर देह चिरा. आणि शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्राच्या भाष्यात त्याचाच आधार घेतलाय. म्हणजे आपलं म्हणणं खरंच होतं, पण पत्ता चुकला आणि वाद हरलो. 25 डिसेंबर 1927 ला महाडात मनुस्मृती जाळली ती न वाचता नव्हे. वाचणाऱ्यानंच जाळावी.

आमच्यातली एक बाई संस्कृत घेऊन एम. ए. झाली. नागपूरच्या कुमुद सोमकुंवर. लोक कौतुक करत, पण नोकरी देत नव्हते. मराठा नवऱ्याचं आडनाव लागलं, कुमुद पावडे झाल्या, तेव्हा प्राध्यापकी मिळाली. ज्ञान तेच, श्लोक तेच, बदललं फक्त आडनाव! 1981 च्या 'अंतःस्फोट' मध्ये त्यांनीच हे लिहून ठेवलंय.

आता पाली. गोव्याचे धर्मानंद कोसंबी बुद्ध शोधत नेपाळ-सिलोन-ब्रह्मदेश हिंडले. सयाजीराव गायकवाडांनी महिना 50 रुपये दिले, अट एवढीच की महाराष्ट्रात राहून काम करा. रा. गो. भांडारकरांच्या पाठिंब्यानं मुंबई विद्यापीठात पाली आली, आणि 1912 पासून सहा वर्षं कोसंबींनी ती फर्ग्युसनमध्ये शिकवली. पुढं 1946 ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज निघालं. सकाळचे वर्ग, मग नोकरी. कारकुनी करणाऱ्या पोरांची तिथं सोय झाली. पालीचं पोरगं दिसलं की इतर हसतात, म्हणतात, मार्कांसाठी घेतली. घेतली तर घेतली! कालिदास काय फुकट शिकवतात?

पण आपलंही सांगायला हवं. त्रिसरण-पंचशील घराघरांत पाठ आहे, अर्थ विचारा, तर मान खाली. न समजता म्हणायचं तर मग भटाच्या मंत्रात आणि आपल्यात फरक काय?

आणि त्या भाषेत आहे तरी कोण? राजे आहेतच, पण आपली माणसंही आहेत. कार्ल्याच्या लेण्यात धेनुकाकटाच्या सामी सुताराचं नाव आहे. जुन्नरला धान्यवाल्यांची श्रेणी आहे. नाशिकला एक लेणं कोरवलंय दासक मुगुदासानं. दासक म्हणजे मासे धरणारा, असा अर्थ अभ्यासकांनी लावलाय. कोळ्यानं दिलेलं लेणं! प्राकृतात कोरलंय, ब्राह्मी लिपीत. त्याच नाशिकला गौतमीपुत्र सातकर्णीचा हुकूम आहे, भिक्षूंना 200 निवर्तनं शेत द्या, आणि त्या शेतात मिठासाठी खणायचं नाही. सात-बाराच की तो दगडावरचा. उरणच्या मिठागरात ज्याचे पाय फाटले त्याला ही ओळ प्राध्यापकापेक्षा लवकर कळेल. पण त्याच्यापर्यंत ती पोचवली कुणी?

या खाडीकाठच्या लोकांना कागदाची किंमत सांगायला नको. 1984 च्या जानेवारीत जमिनीच्या भावासाठी लढताना इथं गोळीबार झाला, पाच जण गेले. शेव्याचा कोळीवाडा उठला, 1989 ला बंदर सुरू झालं. ज्याला कागद वाचता येतो त्याचं राज्य. मग तो कागद सिडकोचा असो की सातवाहनांचा.

3 ऑक्टोबर 2024 ला केंद्रानं मराठीबरोबर पाली आणि प्राकृतलाही अभिजात ठरवलं. फटाके वाजले ते मराठीचे. पालीचं नाव किती जणांनी घेतलं? दर्जा मिळाला म्हणून भाषा जगत नाही, ती वाचणाऱ्यानं जगते. ज्याचं पोर यंदा कॉलेजात जातंय त्यानं त्याला पाली घेऊ द्यावी, संस्कृतही घेऊ द्यावी. भीक म्हणून नव्हे. मुगुदासानं दगडावर आपलं नाव कोरवून ठेवलंय, ते वाचायला आपलं माणूस पाहिजे.