प्रक्रियाक्षमतेचे मापन : एक ऐतिहासिक मागोवा

औद्योगिक उत्पादनात एकच यंत्र एकाच मापाच्या दोन तंतोतंत सारख्या वस्तू निर्माण करू शकत नाही. हा फरक किती असावा, हे ग्राहक ठरवतो. तो किती आहे, हे प्रक्रिया सांगते. या दोहोंची सांगड घालण्याच्या प्रयत्नांचा इतिहास प्रस्तुत लेखात थोडक्यात मांडला आहे.

या इतिहासाचा आरंभ अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत झाला. तेथे १६ मे १९२४ रोजी वॉल्टर शूहार्ट यांनी एका टिपणाद्वारे नियंत्रण तक्त्याची कल्पना मांडली. फरकाची कारणे त्यांनी यादृच्छिक व शोधता येण्याजोगी अशी दोन प्रकारची मानली. दुसऱ्या प्रकारची कारणे दूर झाल्यावरच प्रक्रिया स्थिर होते आणि तिच्याविषयी भाकीत करता येते, हे त्यांच्या १९३१ च्या ग्रंथाचे मुख्य प्रतिपादन होय. १९४७-४८ मध्ये महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट भारतात आले आणि हा विचार येथील उद्योगांपर्यंत पोहोचण्यास चालना मिळाली.

पुढे क्षमता एका अंकात व्यक्त करण्याची प्रथा रूढ झाली. विनिर्देशाच्या दोन मर्यादांमधील अंतरास प्रमाण विचलनाच्या सहा पटीने भागले असता ‘सीपी’ हा निर्देशांक मिळतो. समजा, दंडाचा व्यास २० ± ०.०६ मि.मी. अपेक्षित असून प्रमाण विचलन ०.०२ मि.मी. आहे, तर सीपी १ येतो. वितरण प्रसामान्य व मध्य अचूक असल्यास दहा लाखांत सुमारे २,७०० नग सदोष ठरतात. मात्र मध्य २०.०३ वर सरकल्यास सदोष नगांचे प्रमाण सुमारे ६.७ टक्के होते, तरीही सीपी १ च राहतो! ही उणीव मध्याचे स्थान विचारात घेणाऱ्या ‘सीपीके’ने दूर केली, येथे त्याचे मूल्य ०.५ येते. १९८६ मध्ये व्हिक्टर केन यांनी या निर्देशांकांची पद्धतशीर चर्चा केली. त्याच दशकात मोटोरोलाने ‘सिक्स सिग्मा’चा पुरस्कार केला. त्यातील दहा लाखांत ३.४ दोष हा आकडा मध्य दीड सिग्मा सरकेल, या गृहीतकावर उभा आहे.

या वाटचालीतून एक बाब स्पष्ट होते. निर्देशांक सुटसुटीत होत गेले, तशी स्थिरतेची मूळ अट विस्मरणात जाण्याचा धोका वाढला. अस्थिर प्रक्रियेचा निर्देशांक गणिताने काढता येतो. परंतु तो उद्याच्या उत्पादनाविषयी काहीही सांगत नाही. म्हणून अध्यापनात सूत्राआधी नियंत्रण तक्ता शिकविणे हे इतिहासक्रमाला धरून आहे आणि तर्कालाही.