प्रोजेक्ट तुमच्या लॅपटॉपवर चालतो, मग मित्राच्या मोबाइलवर का नाही?

लायब्ररीत पुस्तक आहे की नाही, हे सांगणारी वेबसाइट तुम्ही प्रोजेक्ट म्हणून बनवली. तुमच्या लॅपटॉपवर ती मस्त चालते. मित्राला लिंक पाठवली, तर पेजच उघडत नाही! व्हायवाच्या आदल्या दिवशी घाम फोडणारा हा घोळ नेमका काय आहे?

अशा प्रोजेक्टचे दोन मुख्य भाग असतात. ब्राउझर म्हणजे क्लायंट. तो माहिती मागतो. सर्व्हर म्हणजे त्या मागणीची वाट पाहणारा प्रोग्राम; तो डेटाबेसमध्ये शोधून उत्तर देतो. हा संवाद एचटीटीपीच्या नियमांनी चालतो. सगळं ठीक असेल तर कोड २००, पेज सापडलं नाही तर ४०४.

मग अडतं कुठे?

तुम्ही पाठवलेली लिंक 'लोकलहोस्ट'ची, म्हणजे १२७.०.०.१ या पत्त्याची असते. याचा अर्थ 'हेच मशीन'. त्यामुळे मित्राचा मोबाइल स्वतःमध्येच सर्व्हर शोधत बसतो.

काय कराल?

• दोघंही एकाच वाय-फायवर या.
• सर्व्हर ०.०.०.० वर सुरू करा आणि फायरवॉलमध्ये परवानगी द्या.
• मोबाइलवर लॅपटॉपचा आयपी पत्ता आणि पोर्ट टाका. फ्लास्क वापरत असाल तर पोर्ट सहसा ५००० असतो.
• त्याआधी डीबग मोड बंद करा. तो सुरू राहिला, तर दुसरं कुणी तुमच्या लॅपटॉपवर कोड चालवू शकतं.

व्हायवात विचारलं, 'क्लायंट आणि सर्व्हर एकाच लॅपटॉपवर असू शकतात का?' तर बिनधास्त 'हो' म्हणा. ही यंत्रांची नाही, कामांची नावं आहेत.