कर्झन रोडवरचं मीठ

जुने दिल्लीकर कस्तुरबा गांधी मार्गाला अजून कर्झन रोडच म्हणतात, मीही त्यातलीच. कॅनॉट प्लेसहून इंडिया गेटकडं जाणाऱ्या या रस्त्यावर 2013 मध्ये नवं महाराष्ट्र सदन सुरू झालं. तेव्हापासून गावाकडचं कुणी एम्सला दाखवायला आलं, की त्याचा मुक्काम सदनात आणि मी डबा घेऊन हजर.

गेल्या हिवाळ्यात भाचीनं पर्समधून एक छापील कागद काढला. "आत्या, हे बघ, थायरॉइडवर संपूर्ण उपचार!" चालणं, झोप, योगासनं, कांचनार गुग्गुळ. इथवर मी मान डोलावत होते. पण सगळ्यात वरची ओळ होती : पाकिटातलं पांढरं मीठ बंद, सैंधव सुरू.

या रस्त्याला ज्यांचं नाव आहे, त्या कस्तुरबांचंही मीठ एकदा बंद झालं होतं. दक्षिण आफ्रिकेत शस्त्रक्रियेनंतर त्यांचा रक्तस्राव पुन्हा सुरू झाला, तेव्हा गांधीजींनी मीठ आणि डाळी सोडायचा आग्रह धरला. तुम्हाला कुणी सांगितलं तर तुम्हालाही जमणार नाही, असं बा म्हणाल्या. गांधीजींनी तिथल्या तिथं वर्षभरासाठी दोन्ही सोडलं! बा रडल्या, विनवण्या केल्या, पण व्यर्थ. आत्मकथेत गांधीजींनीच हे सांगितलंय, आणि नंतर बांना आराम पडल्याचंही. नवऱ्यानं असा हट्ट केल्यावर बायकोनं करावं तरी काय? आणि 1930 मध्ये त्याच माणसानं मिठासाठी दांडी गाठली.

थायरॉइडचा मिठाशी संबंध मात्र वेगळ्या वाटेनं जुळला. गळ्यावरच्या सुजेला सुश्रुतानंही गलगंड म्हटलंय. तेव्हा रोग जुनाच. हिमालयाच्या पट्ट्यात पाऊस, बर्फ आणि पूर जमिनीतलं आयोडीन धुऊन नेतात. मग पिकात नाही, पाण्यात नाही, तर माणसात कुठून येणार? आयोडीनशिवाय थायरॉइडचं हार्मोन बनत नाही, आणि ग्रंथी बिचारी राबून राबून फुगते. गरोदरपणात कमतरता तीव्र असली तर बाळाच्या मेंदूचं नुकसान होतं, ते पुढं भरून येत नाही.

डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 पासून याच पट्ट्यातल्या कांगडा खोऱ्यात (तेव्हा ते पंजाबात होतं) साधारण लाखभर वस्तीचे तीन भाग पाडले. दोन भागांना आयोडीनचं मीठ, एकाला साधं. सुरुवातीला शंभरातल्या पस्तीस-चाळीस जणांना गलगंड होता. 1962 पर्यंत आयोडीनवाल्या भागांत तो निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली आला. साध्या मिठाच्या भागात जैसे थे. मग तिथंही आयोडीनचं मीठ गेलं. त्याच वर्षी राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. गोळी नाही, सुई नाही. रोजच्या वरणभातातून औषध पोटात! संपूर्ण उपचार म्हणायचंच असेल तर मी याला म्हणेन.

सुरळीत मात्र काहीच झालं नाही. पुढं खाण्यासाठी साधं मीठ विकायला देशभर बंदी आली, ती सरकारनं 2000 मध्ये उठवली. खाण्यापिण्यात सक्ती नको, असं म्हणणं पुढं आलं. डॉक्टर मंडळींनी हरकत घेतली, आणि मे 2006 पासून बंदी पुन्हा लागू झाली. घरात पोचणाऱ्या मिठात दर दहा लाख भागांमागं किमान 15 भाग आयोडीन हवं, असा दंडक आहे. आरोग्य कार्यकर्त्या चिमूटभर मिठावर एक थेंब टाकतात; आयोडीन असेल तर मीठ निळंजांभळं होतं. मी स्वयंपाकघरात उभं राहून ते पाहिलंय.

आता भाचीचं. तिचा थायरॉइड मिठानं बिघडलेला नाही आणि जास्त मिठानं सुधारणारही नाही. शरीराचं संरक्षक दलच ग्रंथीवर उलटतं. 1912 मध्ये हाशिमोटो या जपानी डॉक्टरनं वर्णन केलेला हा विकार. तिला सकाळी उपाशीपोटी गोळीच हवी, आणि चहा त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासानं. चालणं-झोप जोडीला जरूर असू दे. पण सैंधवात वरून आयोडीन घातलेलं नसेल तर ते नगण्यच असतं, आणि घरात एखादी सून गरोदर असली की सगळ्या घराच्या मिठाचा प्रश्न होतो.

तेव्हा बायांनो, सैंधव उपासाला ठेवा. रोजच्या मिठाच्या पाकिटावर 'आयोडीनयुक्त' छापलंय का ते पाहा, बरणीचं झाकण घट्ट लावा, ती शेगडीपासून लांब ठेवा. आणि कुणाच्याही कागदावरून, टीएसएच ही थायरॉइडची रक्तचाचणी न करता, डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करू नका.